नाव राहण्याचा हिशेब

बाराव्या दिवशी सपिंडीकरणाला बसलेल्या मुलाला भटजी तीन नावं विचारतात. आजोबांचं नाव पटकन येतं. पणजोबांचं जरा आठवून येतं. खापरपणजोबांपाशी गाडी अडते. मुलगा काकांकडे बघतो, काका आत्याकडे, आणि आत्या म्हणते, "गावच्या घराच्या चौकटीवर होतं बघ कोरलेलं." भटजींना याची सवय असते. शास्त्रानेही विसरभोळ्या वंशजांची सोय आधीच करून ठेवली आहे. नाव ठाऊक नसेल तर पित्याला पृथिवीषत्, पितामहाला अंतरिक्षसत् आणि प्रपितामहाला दिविषत् म्हणायचं; गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप सांगायचं. विधी अडत नाही.

पुढचा भाग नीट बघण्यासारखा असतो. चार अर्घ्यपात्रं मांडलेली असतात, एक प्रेताचं आणि तीन पितरांची. प्रेतपात्रातलं पाणी तिन्ही पात्रांत वाटून ओततात. मग गेलेल्या माणसाच्या नावाच्या लांबट पिंडाचे दर्भाने तीन भाग करतात आणि एकेक भाग त्याच्या वडिलांच्या, आजोबांच्या, पणजोबांच्या पिंडात मळून एकजीव करतात. इथे तो प्रेत राहत नाही, पितर होतो. यापुढच्या श्राद्धांत तो वसुरूप, त्याचे वडील रुद्ररूप, आजोबा आदित्यरूप. आणि कालपर्यंत तिसऱ्या जागेवर असलेले खापरपणजोबा यादीतून बाहेर पडतात. त्यांना आता स्वतंत्र पिंड नाही की नावाचा उच्चार नाही. पिंड देऊन झाल्यावर हाताला चिकटलेला भाताचा लेप दर्भाच्या मुळाशी पुसतात, तेवढा चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या पिढीचा सामाईक वाटा.

म्हणजे स्मरणाची मुदत ठरलेली आहे. माणूस पंच्याहत्तरीत गेला आणि पणतवाने म्हातारपणापर्यंत श्राद्ध नेमाने केलं, तरी त्याचं नाव मृत्यूनंतर फार तर 80-90 वर्षं घेतलं जाणार. सरकारदरबारी ही मुदत आणखी तोकडी. आपल्याकडे बापाचं नाव मुलाच्या नावात मधोमध बसतं आणि नातवाच्या नावातून गळून पडतं. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचंही नाव लावायचं आहे, म्हणजे आयांनाही निदान एका पिढीची हमी मिळाली. उशिरा का होईना.

यापलीकडे राहायची इच्छा ज्यांना होते, त्यांना काहीतरी वेगळी तजवीज करावी लागते. ही इच्छा बोलून दाखवायला आपल्यात संकोच वाटतो. 'माझं नाव राहावं' असं कुणी म्हणत नाही. 'वडिलांच्या नावाने काहीतरी करावं म्हणतो,' असं म्हणतात आणि वडिलांच्या नावाशेजारी आडनाव असतंच. त्यात वाईट काही नाही. या इच्छेने माणसं साठीनंतरही पहाटे उठून कामाला लागतात, खर्चाला लगाम घालतात, भावाशी तोडलेलं बोलणं पुन्हा सुरू करतात. प्रश्न एवढाच की तजवीज टिकते कशाने आणि मोडते कशाने. याचा एक फार जुना, आकडेवारीसकट नोंदलेला नमुना नाशिकला आहे.

पांडवलेण्यांतलं 10 क्रमांकाचं लेणं क्षहरात वंशाचा क्षत्रप, म्हणजे राज्यकर्ता, नहपान याचा जावई उषवदात याने कोरवलं. दीनिकाचा मुलगा, दक्षमित्रेचा नवरा. ओसरीच्या भिंतीवरच्या ब्राह्मी लेखात त्याने नुसतं 'लेणं दिलं' म्हणून थांबवलेलं नाही. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या खर्चाची अक्षयनीवी, म्हणजे कधीही न मोडायची ठेव, लावून दिली आहे. रक्कम 3000 कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी. ठेव गोवर्धन इथल्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे. एका श्रेणीकडे 2000, दरमहा शेकडा 1 व्याजाने. दुसरीकडे 1000, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज खायचं. 2000 च्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळाभर मुक्कामाला, राहणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी 12 कार्षापण द्यायचे.

हिशेब करून बघा. 2000 वर दरमहा 20, वर्षाचे 240. वीस भिक्षू गुणिले बारा, 240. एक कवडी इकडेतिकडे नाही. दुसऱ्या श्रेणीकडून वर्षाला 90 येणार, ते किरकोळ खर्चासाठी. शिवाय चिखलपद्र गावातली नारळाची 8000 झाडं. हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं आणि रिवाजाप्रमाणे नोंदकचेरीत फलकावर नोंदवलं, असंही लेख सांगतो. साक्षीदार, नोंदणी, दर, लाभार्थ्यांची संख्या, दरडोई रक्कम, मुद्दलाची अट, सगळं जागच्या जागी. आजच्या कितीतरी देणगीपत्रांत याच्या निम्मंही नसतं.

यातली खरी हुशारी ठेव कुठे ठेवली त्यात आहे. राजाच्या खजिन्यात ठेवली असती तर राजाबरोबर गेली असती. भिक्षूंच्या हाती मुद्दल दिलं असतं तर खर्च झालं असतं. कोष्ट्यांना सूत घ्यायला खेळतं भांडवल लागतंच. त्यांना ते वर्षाला 12 आणि 9 टक्क्यांनी कायमचं मिळालं. भिक्षूंना कापड लागतं, कोष्टी कापड विणतात. त्यातले काही कार्षापण फिरून कोष्ट्यांकडेच आले असणार, असा आपला अंदाज. व्यवहार चालू राहण्यात दोन्ही बाजूंचा फायदा होता आणि दात्याचं नाव त्या व्यवहाराला बांधलेलं होतं. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाला ते निघत असणार.

मग राज्य गेलं. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 मध्ये नहपानाच्या 13 हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या दोन-तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप पुन्हा मारलेला आहे. सासऱ्याचं नाव असं हातोड्याखाली चेपलं गेलं, जावयाचं भिंतीवर राहिलं. त्याच डोंगरात थोड्या पावलांवर 3 क्रमांकाचं लेणं आहे. तिथे गौतमीपुत्राची आई बलश्री हिने नातवाच्या, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या, राज्याच्या 19 व्या वर्षी आपल्या गेलेल्या मुलाचं गुणगान कोरवलं आहे आणि त्याला 'क्षहरात वंश निःशेष करणारा' म्हटलं आहे. निःशेष झालेल्यांचा लेख तिथून हाकेच्या अंतरावर शाबूत आहे. शेजारच्या भिंती खरवडाव्यात असं जिंकणाऱ्यांना वाटलं नाही, किंवा भिक्षूंनी खरवडू दिल्या नाहीत.

पण नंतर जे झालं ते छिन्नीने खरवडण्याहून पुरतं होतं. ब्राह्मी लिपी वाचणारं कुणी उरलं नाही. लोक लेण्यांना पांडवलेणी म्हणू लागले. उषवदाताचा पैसा, बलश्रीचं दुःख, सगळं पाच भावांच्या खात्यावर जमा. 1830 च्या दशकात जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाने ब्राह्मीची उकल केली, तोवर हे लेख सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, डोक्याएवढ्या उंचीवर, न वाचलेले पडून होते. नाव टिकणं आणि नाव घेतलं जाणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीला दगड पुरतो. दुसरीला असा कुणीतरी लागतो ज्याचं त्या नावाशी काही काम आहे.

कार्ल्याला लहान दात्यांची गर्दी आहे. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह 'जंबुद्वीपात उत्तम' असल्याचं लिहवून घेतलं. मोठ्या देणगीदारांचा हा सूर तेव्हापासूनचा. बाहेरचा सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाचा. आत धेनुकाकटाच्या यवनांनी, म्हणजे तेव्हाच्या अर्थाने ग्रीकांनी, एकेक खांब दिला आहे. धेनुकाकटाच्याच सिंहदत्त नावाच्या अत्तर विकणाऱ्याने दार दिलं. आणि दाराचं काम करणाऱ्या सामी नावाच्या सुताराचंही नाव तिथे आहे, वेणुवासाचा मुलगा म्हणून बापासकट. कारागिराने आपलं नाव कोरलेलं दिसलं की बरं वाटतं. याउलट वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा. खालच्या चौकटीत गाई किंवा लढाई, मध्ये अप्सरांबरोबर स्वर्गारोहण, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर कलश आणि चंद्रसूर्य. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. ज्यांनी उभा केला त्यांना कोण ते ठाऊकच होतं, मग लिहायचं कशाला? त्यांच्या नातवंडांनंतर तो कुणाचा ते कुणालाच सांगता येईना.

आजची पाटी यांच्यापुढे फार अल्पायुषी आहे. संगमरवरात उथळ अक्षरं कोरून काळा रंग भरायची पद्धत सर्वांत लोकप्रिय, कारण स्वस्त पडते. उघड्यावर लावली की आधी रंग उडतो, आणि रंगाखालचं कोरीव काम मिलिमीटरभरच खोल असेल तर उन्हात पाटी कोरी दिसते. संगमरवर पावसातल्या आम्लाने झिजतोही. लेझरने काढलेली ग्रॅनाइटवरची अक्षरं म्हणजे नुसती पॉलिश उडवलेली जागा असते. तेलकट हात आणि धूळ बसली की फरक मावळतो. उघड्यावरच्या पाटीसाठी ग्रॅनाइट किंवा आपला काळा पाषाण घ्यावा, अक्षराची उंची निदान 25 मिलिमीटर आणि खोली 3 मिलिमीटर ठेवावी, काप व्हीच्या आकाराचा सांगावा. तसा काप रंग गेल्यावरही सावलीने वाचता येतो. पाटी आडवी बसवू नये, पाणी साचतं. पितळी पाटीचा विचार सोडून द्यावा. ती घासून घासून गुळगुळीत होते नाहीतर चोरीला जाते.

एवढं करूनही पाटीचा खरा शत्रू ऊनपाऊस नसतो, जीर्णोद्धार असतो. गावच्या देवळात शहाबादी फरशी काढून ग्रॅनाइट बसतं तेव्हा जुन्या फरशीवरची नावं मलब्याच्या ट्रॉलीत जातात आणि नव्या फरशीवर नवी येतात. सभामंडपाला ऑइलपेंट देणारा रंगारी भिंतीतली पाटीही रंगवून टाकतो. यात कुणाचा द्वेष नसतो. त्या नावाशी कुणाला काही कर्तव्य उरलेलं नसतं, इतकंच. उलट पंढरपूरला महाद्वारातली नामदेवांची पायरी कुणी हलवेल का? तिथे येणाऱ्या प्रत्येक वारकऱ्याला एक काम आहे: पाय न लावता टेकवायचं आहे डोकं.

दगडापेक्षा कागद जास्त टिकल्याचं उदाहरण बघायचं तर त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या नामावळ्या आहेत. मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की उपाध्ये आपल्या घराण्याकडे ते गाव आहे की दुसऱ्याकडे ते सांगतात आणि मग बासनातून बाड काढतात. कोण आलं, कुणाबरोबर आलं, कशासाठी आलं, तिथी, शक, खाली सही किंवा अंगठा. जुन्या नोंदी मोडीत. इथे नाव यायला मोठं काही करावं लागत नाही. आलात, गोदावरीत स्नान केलंत, नाव सांगितलंत, झालं. ज्यांचं नाव कुठल्याही शिळेवर, गॅझेटात, पुस्तकात नाही अशा हजारो शेतकऱ्यांची नावं या बाडांत पिढ्यांच्या ओळीने लागलेली आहेत. सपिंडीत अडखळलेल्या मुलाला खापरपणजोबा मिळण्याची सर्वांत जास्त शक्यता इथेच.

ही बाडं टिकली कारण ती उपाध्यांच्या उपजीविकेचं साधन होती. यजमान कुणाचा, यावरून वाद झाला तर बाड हा पुरावा. भाऊ वेगळे झाले की गावंही वाटून घ्यायची आणि बाडंही. वाळवी, कसर आणि ओल यांच्यापासून ती सांभाळण्यात त्यांचा रोकडा फायदा होता, कोष्ट्यांसारखाच. 2027 च्या सिंहस्थाला जाणार असाल तर घरून तयारी करून जा: सगळ्यांची पूर्ण नावं, बायकांची माहेरच्या नावासकट, मूळ गाव आणि तालुका, आत्ता राहता ते शहर. जुन्या नोंदींत बायका बहुधा 'भार्या' एवढ्यावर आटोपल्या आहेत; ते आपल्या हाताने दुरुस्त करता येतं. आणि काळ्या शाईने लिहा. काजळाची जुनी शाई जशीच्या तशी आहे, फाउंटन पेनची निळी शाई मात्र ओल लागली की पसरते.

आता मध्यमवर्गाची आवडती तजवीज: शाळेत, महाविद्यालयात किंवा ग्रंथालयात स्मृतिप्रीत्यर्थ ठेव. कुठल्याही जुन्या शाळेच्या पारितोषिक वितरणाला बसलं की 'कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ' अशी तीस-चाळीस नावं एका दमात वाचली जातात. त्यातल्या बऱ्याच ठेवी मरून गेलेल्या असतात. संस्था भल्या असतात म्हणून पदरचे पैसे घालून बक्षीस देतात, काही ठिकाणी नुसतं प्रमाणपत्र देतात.

मरण्याचं कारण अंकगणितात आहे. 1985 साली कुणी 1000 रुपये ठेवले आणि 10 टक्के व्याज धरलं तर वर्षाला 100 रुपये आले. तेव्हा त्यात एक बरं पुस्तक येई. तेच 1000 रुपये आज साडेसहा टक्क्यांनी 65 रुपये देतात. त्यात पुस्तकाचं वेष्टनही येत नाही. मुद्दल अक्षय राहिलं, त्याची किंमत राहिली नाही. चूक दात्याचीही आणि संस्थेचीही: सगळंच्या सगळं व्याज दरवर्षी वाटून टाकलं. महागाई 5 टक्के असेल तर पैशाची किंमत साधारण 14 वर्षांत निम्मी होते, 28 वर्षांत पाव.

उपाय साधा आहे, फक्त सुरुवातीला मन घट्ट करावं लागतं. समजा 1,00,000 रुपये ठेवले आणि 7 टक्के व्याज मिळालं. 7000 पैकी 5000 परत मुद्दलात घालायचे, खर्चाला 2000. दहा वर्षांनी मुद्दल जवळजवळ 1,63,000 झालेलं असेल आणि बक्षीस सव्वातीन हजारांच्या घरात. म्हणजे आजच्या 2000 ची किंमत राखली गेली. तेव्हा ढोबळ नियम असा: दरवर्षी जेवढं बक्षीस द्यायचं त्याच्या 50 पट ठेव. 500 रुपयांचं बक्षीस हवं तर 25,000. यापेक्षा कमी जमत असतील तर कायमच्या ठेवीचा हट्ट सोडावा आणि 10 वर्षांत मुद्दलासकट संपवायची योजना करावी. दहा वर्षं भरघोस दिलेलं बक्षीस चाळीस वर्षं रडतखडत दिलेल्या 65 रुपयांपेक्षा कधीही चांगलं.

दुसरं कारण अटींत असतं. '11 वी मॅट्रिकला पहिला येणाऱ्यास' अशी अट घातलेल्या ठेवी 1975 ला दहावीची पद्धत आली तेव्हा लटकल्या. 'बोर्डाच्या गुणवत्ता यादीत येणाऱ्यास' म्हणणाऱ्या, मंडळाने यादी बंद केली तेव्हा. 'सातवीच्या वर्गातील आमच्या गावच्या गरीब विद्यार्थ्यास' म्हणणाऱ्या, सातवीत त्या गावचं कुणी उरलं नाही तेव्हा. संस्कृतला 100 पैकी 100 मिळवणारे एकाच शाळेत अनेक निघतात आणि 2000 चे सहा भाग करायची वेळ येते. अट इतकी बारीक नसावी की लाभार्थी मिळू नये आणि इतकी सैलही नसावी की मुख्याध्यापकांच्या मर्जीवर जावी. विषय लिहा, पण पुढे 'तो विषय शिकवला जात नसल्यास भाषांपैकी कोणत्याही' असंही लिहा. बरोबरी झाल्यास काय, पात्र कुणी नसल्यास त्या वर्षीचं व्याज कुठे, हे दोन प्रश्न लिहून निकालात काढा. मूळ हेतू अशक्य झाला तर त्याच्या जवळचा हेतू ठरवून द्यायची सोय महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात आहे, पण 25,000 रुपयांसाठी धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज कोण करतो?

तिसरं कारण दप्तरातलं. पावती कपाटात, कपाटाची किल्ली निवृत्त झालेल्या लेखनिकाला ठाऊक, मुदत संपून ठेव आपोआप नूतनीकरण झाली की बचत खात्यात पडून राहिली ते कुणी पाहिलं नाही. व्याज संस्थेच्या सर्वसाधारण खात्यात जमा होऊन पगारात विरघळलं. यावर वचक ठेवायची तीन कागदी साधनं आहेत. पहिलं, दात्याचं पत्र: रक्कम कायम निधीत जमा करावी, हेतू हा, इतकं व्याज खर्चावं आणि इतकं मुद्दलात घालावं. दुसरं, विश्वस्त मंडळाच्या ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल. पत्र हरवतं, इतिवृत्ताची वही सहसा हरवत नाही. तिसरं, दरवर्षीचा ताळेबंद. संस्था तो धर्मादाय कार्यालयात सादर करतेच. त्यात निधींच्या परिशिष्टात आपल्या ठेवीचं नाव आणि रक्कम दिसली पाहिजे. दिसली नाही तर त्याच वर्षी विचारावं. पाच वर्षांनी विचारलं तर उत्तर देणारा माणूस बदललेला असतो.

ठेव कुठल्या बँकेत आहे हेही बघावं. ठेव विम्याचं संरक्षण 2020 पासून एका ठेवीदाराला एका बँकेत 5 लाखांपर्यंत आहे, आणि संस्थेच्या त्या बँकेतल्या सगळ्या ठेवी मिळून 5 लाख धरतात. चाळीस जणांच्या स्मृती एकाच लहान सहकारी बँकेत असतील तर त्या एका रात्रीत अडकू शकतात. आणि देणगी धनादेशाने द्यावी. 2000 रुपयांवरच्या रोख देणगीला आयकराची सवलत मिळत नाही, शिवाय रोख रकमेचा माग राहत नाही.

उषवदाताकडून घ्यायचं राहून जातं ते हे: ठेव सांभाळण्यात कुणाचा तरी फायदा ठेवा. शाळेच्या लेखनिकाला चाळीस नोंदवह्या सांभाळायचा ताप आहे, फायदा शून्य. म्हणून व्याजाचा दहावा भाग संस्थेला व्यवस्थापनासाठी खुशाल लिहून द्या. किंवा बक्षीस मिळालेल्या विद्यार्थ्याने पुढच्या वर्षीच्या समारंभाला येऊन ते पुढच्याला द्यायचं, अशी प्रथा घाला. म्हणजे निदान एक तरुण माणूस दरवर्षी चौकशी करत येतो. जगन्नाथ शंकरशेट 1865 मध्ये गेले. त्यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती 1912 च्या मॅट्रिकला चिंतामणराव देशमुखांनी मिळवली, आणि आजही संस्कृत घेणाऱ्या हुशार मुलाच्या घरात 'शंकरशेट' म्हटलं की काय ते समजावून सांगावं लागत नाही. नाना शंकरशेटांनी मुंबईत रेल्वेपासून शिक्षणापर्यंत काय काय केलं ते त्या घरात कुणी सांगू शकेलच असं नाही. नाव मात्र निकालाच्या दिवशी निघतं.

जिवंतपणी देण्याचे फायदे वेगळेच. प्रेमचंद रायचंद यांनी 1864 मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी 2 लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी 2 लाख दिले, मनोऱ्याला आईचं नाव द्यावं म्हणून. 1865 ला कापसाचा बाजार कोसळला आणि त्यात प्रेमचंदांचंही दिवाळं वाजलं. दिलेले पैसे मात्र विद्यापीठाकडे होते. 1878 ला राजाबाई टॉवर पुरा झाला. 'अजून थोडं कमावतो, मग देतो' म्हणाले असते तर आईच्या नावाचं काहीच उभं राहिलं नसतं. मृत्युपत्रात लिहून ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. शिवाय मृत्युपत्रातल्या संस्थेचं नाव नोंदणीप्रमाणे अचूक नसेल तर वारस आणि संस्था यांच्यात वर्षानुवर्षं पत्रव्यवहार चालतो.

या इच्छेचा जगण्यासाठी उपयोग आहे तोही याच काळात. उषवदाताचे लेख एका वर्षाचे नाहीत. त्यांत 41, 42 आणि 45 अशी वर्षं येतात. एक दान पुरं झालं की दुसरं. ज्याने एक लाखाची ठेव मनात धरली तो दरमहा बाजूला काढायला लागतो, जुन्या शाळेत जातो, तिथल्या तुटक्या बाकांकडे त्याचं लक्ष जातं, एखाद्या मुलाची फी भरून टाकतो. ठेव राहते बाजूला आणि माणूस कामाला लागतो. निवृत्तीनंतर सकाळचा पेपर दोनदा वाचणाऱ्या माणसाला असा उद्योग लागलेला घरच्यांनाही सोयीचा. यात एक धोका आहे. काही जण नावाच्या मापाची चिंता करत बसतात: पाटी केवढी, फोटो कुठला, 'कैलासवासी' की 'स्वर्गीय'. तिथे इच्छा जगण्याला बळ देत नाही, रुसवे देते.

नावाशिवाय नुसतं उपयोगी पडण्याची इच्छा तपासायची असेल तर देहदानाचा अर्ज आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात तो मिळतो, दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक जवळचा नातेवाईक असावा. कारण मृत्यूनंतर अंतिम शब्द वारसांचा असतो. मुलगा नको म्हणाला की अर्ज कागद होतो. देह काही तासांत पोचवावा लागतो, डॉक्टरचा मृत्यूचा दाखला लागतो, आणि शवविच्छेदन झालेला किंवा ठरावीक संसर्ग असलेला देह घेत नाहीत. नेत्रदान करायचं तर 6 तासांच्या आत: पंखा बंद, पापण्या मिटवून ओला कापूस, डोक्याखाली उशी, आणि नेत्रपेढीला फोन. विच्छेदनाच्या टेबलावर विद्यार्थ्यांना दात्याचं नाव सांगत नाहीत. तिथे क्रमांक असतो. हे ठाऊक असूनही माणसं अर्ज भरतात, आणि भरून झाल्यावर तब्येतीला जपतात. चांगला देह द्यायचा म्हणून, असं गमतीने सांगतात.

ठेव ठेवायची असेल तर हात-पाय धड असताना ठेवा आणि पहिली दोन-तीन वर्षं समारंभाला स्वतः जा. बक्षीस पाकिटात आहे की नुसतं पाकीट आहे, ते तिथेच कळतं. प्रमाणपत्र हातात घेऊन वाचा. संगणकावरच्या मागच्या वर्षीच्या फायलीत नावं बदलून ती छापतात; वडिलांच्या नावातल्या वेलांट्या इकडच्या तिकडे झालेल्या असतात, किंवा शेजारच्या ठेवीचं आडनाव आपल्या वडिलांना लागलेलं असतं. शुद्ध नाव मोठ्या अक्षरात टाइप करून एक प्रत मुख्याध्यापकांकडे द्या, दुसरी लेखनिकाच्या टेबलाच्या काचेखाली सरकवा. मुख्याध्यापक बदलून जातात, काच राहते.